उणे चिन्हाची गोष्ट

योकोहामातल्या कचेरीत एकदा माझाच जुना प्रोग्रॅम माझ्यावर उलटला. कमांडपुढचे ऑप्शन ओळखण्याचा भाग मी हातानेच लिहिला होता. एका फाइलचे नाव '-' ने सुरू होत होते. प्रोग्रॅमने ते नाव म्हणजे हुकूमच मानला आणि दिवसभराचे काम पुसून टाकले. डॉक्टरेट अशा वेळी कामी येत नाही!

युनिक्सवर आरंभी ज्याची त्याची तऱ्हा होती. 'डीडी'ला आजही 'आयएफ=' असे लिहून फाइल सांगावी लागते, 'टार'ला उणे चिन्ह नसले तरी चालते. एटी अँड टीमध्ये यावर 'गेटऑप्ट' हे फंक्शन लिहिले गेले, आणि १९८५ साली डॅलसच्या युनिफोरम परिषदेत त्याचा सोर्स कोड सर्वांना खुला झाला. शिस्त रुजली ती नियमावलीपेक्षा या पानभर फुकट कोडमुळे, असे मला वाटते. नुसते '--' आले की ऑप्शन संपले, पुढची सारी नावेच, ही सोय त्यात तेव्हाच होती.

जपानात जन्मलेल्या रुबी भाषेत हे काम नोबुयोशी नाकादा यांची 'ऑप्टपार्स' लायब्ररी करते. २००३ च्या १.८ आवृत्तीपासून ती भाषेबरोबरच मिळते. ऑप्शनशेजारीच त्याची माहिती लिहायची, म्हणजे '--हेल्प'चा मजकूर आपोआप तयार होतो. माझा प्रोग्रॅम मी तिच्यावर नव्याने बसवला. पहिली चाचणी अर्थातच त्याच फाइलवर घेतली.