लांडगा आला रे! – महामार्गावरच्या इशाऱ्यांची गोष्ट

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते आणि शिक्षक म्हणून वर्गात सांगितलेलीही असते. तात्पर्य ठरलेले : खोटे बोलू नये. पण गोष्ट गावकऱ्यांच्या बाजूने पाहिली तर वेगळाच प्रश्न उभा राहतो. दोनदा हाक ऐकून धावत गेलेला आणि लांडगा न दिसलेला माणूस तिसऱ्यांदा जागचा हलला नाही, यात त्याचे काय चुकले? त्याने अनुभवावरून अनुमान काढले. अनुमान तर्काला धरून होते, आणि तरीही मेंढ्या गेल्या.

समजा, हाक मारणारा मुलगा प्रामाणिक आहे. तरीही असे घडू शकेल का? या प्रश्नाचे उत्तर युरोप-अमेरिकेतील महामार्गांवर मिळते. तेथे साठ वर्षांपासून विजेचे फलक वाहनचालकांना इशारे देत आले आहेत, आणि 'हे फलक उगाचच पेटतात' अशी चालकांची तक्रारही जवळजवळ तितकीच जुनी आहे.

इशाऱ्याची गरज का पडली?

ब्रिटनमधला पहिला मोटरवे, म्हणजे फक्त मोटारवाहनांसाठी राखलेला रस्ता, ५ डिसेंबर १९५८ रोजी प्रेस्टन शहराजवळ खुला झाला. त्याची लांबी जेमतेम आठ मैल होती. २ नोव्हेंबर १९५९ रोजी एम-१ या मोठ्या मोटरवेचा पहिला टप्पा सुरू झाला. या रस्त्यांवर सुरुवातीला वेगमर्यादाच नव्हती. नोव्हेंबर १९६५ मध्ये धुक्यात एकामागून एक गाड्या आदळून भीषण अपघात झाले. त्यानंतर २२ डिसेंबर १९६५ पासून ताशी ७० मैलांची, म्हणजे सुमारे ११२ किलोमीटरची मर्यादा प्रायोगिक म्हणून घातली गेली. १९६७ मध्ये ती कायम झाली.

पण नुसत्या मर्यादेने धुक्याचा प्रश्न सुटत नाही. ताशी ११२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३१ मीटर. ब्रिटनच्या वाहतूक नियमपुस्तिकेनुसार या वेगातली गाडी कोरड्या रस्त्यावर पूर्ण थांबायला ९६ मीटर लागतात. धुक्यात ६० मीटरपर्यंतच दिसत असेल, तर अडथळा दिसल्यावर थांबणे अशक्यच. चालकाच्या डोळ्यांना जे दिसत नाही ते त्याला आधीच कोणीतरी सांगायला हवे. या गरजेतून इशाऱ्याचे फलक आले.

माणसाने लावायचे, माणसाने विझवायचे

जर्मनीत १९६५ मध्ये म्युनिक ते साल्झबुर्ग या मार्गाच्या सुमारे ३० किलोमीटरच्या पट्ट्यात बदलते फलक लावले गेले. त्यांवर ६०, ८० किंवा १०० हे आकडे यांत्रिक पद्धतीने फिरवून दाखवता येत. कॅमेऱ्यांतून रस्ता पाहत बसलेली माणसे ते बदलत. ब्रिटनमध्ये याच सुमारास बारीक दिव्यांच्या जाळीचे फलक बसवायला सुरुवात झाली. हवे तेवढेच दिवे पेटवून जाळीवर वेगाचा आकडा किंवा 'मार्गिका बंद' अशी खूण उमटवता येई, आणि कोपऱ्यांतले पिवळे दिवे लुकलुकत. शहराबाहेर दोन फलकांत सुमारे दोन मैलांपर्यंत अंतर असे, आणि त्यांची कळ पोलिसांच्या नियंत्रण कक्षात असे.

तक्रारीचे मूळ या रचनेतच होते. धुके पडल्याचे कळले की फलक लागे, पण ते विरळल्याचे कोण कळवणार? इशारा देण्याची घाई सर्वांना असते, तो मागे घेण्याची कोणालाच नसते. परिणामी स्वच्छ उन्हात ४० चा आकडा लुकलुकत राहिलेला चालकांना दिसे. शिवाय जाळीवर कारण लिहायला जागा नव्हती. पुढे धुके आहे, अपघात आहे की रस्त्याचे काम, हे कळायला मार्ग नसे.

इशारा खरा असतानाही तो खोटा वाटू शकतो. अडथळा फलकापासून तीन किलोमीटर पुढे आहे असे धरू. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तेथे १०८ सेकंदांनी पोचेल. तेवढ्या वेळात बंद पडलेली गाडी बाजूला ओढली गेली, तर चालकाला मोकळाच रस्ता दिसेल. फलक पेटला तेव्हा खरा होता, पण चालकाच्या लेखी तो खोटा. असे चार-पाच वेळा झाले की सहाव्या वेळी त्याचा पाय ॲक्सिलरेटरवरून निघत नाही.

उपकरणांच्या हाती हाक

मग इशारा देण्याचे आणि मागे घेण्याचे काम उपकरणांकडे सोपवण्याचे प्रयत्न सुरू झाले. ब्रिटनमध्ये रस्त्याच्या पृष्ठभागाखाली तारेची वेटोळी पुरली गेली. वेटोळ्यातून प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह वाहत असतो. वरून धातूची गाडी गेली की वेटोळ्याचे प्रवर्तकत्व बदलते आणि यंत्राला गाडीची चाहूल लागते. दोन मीटरचे वेटोळे आणि साडेचार मीटरची मोटार घेऊ. ताशी १०० किलोमीटर वेगात मोटार वेटोळ्यावर पाव सेकंदाहून कमी काळ असते. तीच मोटार सलग दोन सेकंद वेटोळ्यावर राहिली, तर तिचा वेग ताशी १२ किलोमीटरच्याही खाली आलेला असतो. म्हणजे रांग लागली आहे. यंत्र लगेच मागचे फलक पेटवते, आणि रांग ओसरली की विझवतेही.

धुक्याबाबतचा धडा नेदरलँड्समध्ये मिळाला. नोव्हेंबर १९९० मध्ये ब्रेडा शहराजवळ ए-१६ मार्गावर धुक्यात गाड्यांची साखळी आदळून आठ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर तेथे दृश्यता मोजणारी उपकरणे बसली. १४० मीटरच्या पलीकडचे दिसेनासे झाले की फलकावर ८० उमटे, ७० मीटरच्या खाली गेले की ६०. मोजमापात असे आढळले की धुक्यातला सरासरी वेग यामुळे ताशी ८ ते १० किलोमीटरने उतरला. लंडनभोवतीच्या एम-२५ मार्गावर 'धुके' एवढाच शब्द दाखवणारी स्वयंचलित यंत्रणा होती. तेथे ही घट ताशी ३ किलोमीटरच्या आसपास होती.

पण ए-१६ वर एक विपरीत गोष्टही दिसली. धुके अतिशय दाट, म्हणजे दृश्यता ३५ मीटरच्या आत असे, तेव्हा फलकामुळे वेग उलट थोडा वाढे. अशा धुक्यात चालक आपणहून ६० पेक्षा हळू गेले असते. फलक मात्र '६०' सांगत होता, आणि अनेकांनी त्याचा अर्थ '६० ने जाणे सुरक्षित आहे' असा घेतला. या वेळी चालकांनी फलकावर अविश्वास दाखवला नव्हता, गरजेपेक्षा जास्त विश्वास टाकला होता.

यशस्वी इशारा दिसतच नाही

ऑगस्ट १९९५ मध्ये एम-२५ च्या एका पट्ट्यात बदलती सक्तीची वेगमर्यादा सुरू झाली. वाहने वाढू लागली की यंत्रणा मर्यादा ७० वरून ६० आणि मग ५० मैलांवर आणी. रस्ता वाहता असतानाच ५० चा आकडा पाहून चालक वैतागत. या आदेशामागचे कारण मात्र चालकाला दिसण्यासारखे नव्हते.

गाड्यांची दाटी झाली की एका चालकाने किंचित ब्रेक दाबला तरी मागचा जरा जास्त दाबतो, त्याच्या मागचा त्याहून जास्त, आणि अखेर काही अंतरावर रहदारी ठप्प होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी प्रयोगात २३० मीटरच्या वर्तुळाकार मार्गावर २२ मोटारी सारख्या वेगाने चालवण्यास सांगितले होते. कोणताही अडथळा नसताना थोड्याच वेळात कोंडीची लाट तयार झाली आणि ती मागे मागे सरकू लागली. आधीच सर्वांचा वेग थोडा उतरवला, तर अशी लाट उठण्याची शक्यता कमी होते.

इशाऱ्यांची खरी अडचण इथे आहे. इशारा पाळला, कोंडी झाली नाही, आणि चालक म्हणतो, 'पाहा, पुढे काहीच नव्हते!' यशस्वी इशारा स्वतःचाच पुरावा पुसून टाकतो. लशीमुळे साथ आली नाही की लस कशाला हवी होती असे वाटते, तसेच हे.

जास्त बोलणारा फलक

फलक रिकामे ठेवण्याऐवजी त्यांवर उपदेश दाखवावा, असे पुढे अनेकांना सुचले. अमेरिकेतील टेक्सास राज्यात ऑगस्ट २०१२ पासून दर महिन्यातील एक आठवडा राज्यातील त्या वर्षीच्या अपघाती मृत्यूंचा आकडा महामार्गांवरील फलकांवर दाखवला जाऊ लागला. हेतू चांगला होता. जोनाथन हॉल आणि जोशुआ मॅडसेन या संशोधकांनी त्या आठवड्यांची इतर आठवड्यांशी तुलना केली. 'सायन्स' या नियतकालिकात एप्रिल २०२२ मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आकडा दाखवला जाई त्या आठवड्यांत फलकानंतरच्या १० किलोमीटरमध्ये अपघात सुमारे साडेचार टक्क्यांनी जास्त होते. धक्कादायक मजकुराने चालकाचे लक्ष रस्त्यावरून उडते, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे.

ब्रिटनमध्ये काही मोटरवेंवर कडेची राखीव पट्टी वाहतुकीस खुली केली गेली. तेथे बंद पडलेल्या गाडीतील माणसांचा जीव बराचसा फलकावरच्या लाल फुलीवर, म्हणजे 'मार्गिका बंद' या खुणेवर, अवलंबून असतो. एप्रिल २०२३ मध्ये सरकारने असे नवे मार्ग बांधण्याचे बेत रद्द केले. खर्चाबरोबर लोकांचा विश्वास नसणे हेही कारण सरकारने दिले. तंत्र किती अचूक आहे याइतकेच लोक त्यावर किती विसंबतात हेही महत्त्वाचे, हे यावरून दिसते.

वर्गात करून पाहा

विद्यार्थ्यांना पुढील उदाहरण द्यावे. शंभर दिवसांपैकी पाच दिवस धुके पडते. 'अ' उपकरण पाचही दिवस ओळखते, पण उरलेल्या ९५ पैकी १० दिवस उगाच इशारा देते. 'ब' उपकरण फक्त दोनदा उगाच इशारा देते, पण धुक्याचा एक दिवस त्याच्या नजरेतून सुटतो. 'अ' चे १५ पैकी ५ इशारे खरे, म्हणजे तीनांत एक. 'ब' चे ६ पैकी ४ खरे, म्हणजे तीनांत दोन. आता विचारावे : आपल्या घाटरस्त्यावर कोणते उपकरण बसवाल? बहुतेक मुले आधी 'अ' म्हणतील. मग विचारावे : महिन्याभरानंतर 'अ' चे ऐकणारे किती चालक उरतील?

येथे एकच बरोबर उत्तर नाही. एका बाजूला चुकलेल्या एका दिवसाची किंमत आहे, दुसऱ्या बाजूला गमावलेल्या विश्वासाची. पूर, वादळ, साथ यांचे इशारे देणाऱ्या प्रत्येकाला हाच हिशेब करावा लागतो, आणि तो मुलांनी शाळेतच एकदा मांडून पाहिलेला बरा.