ब्रेक पॅड स्प्रेडर
मोटारसायकलच्या डिस्क ब्रेकमध्ये नवे पॅड बसवण्यापूर्वी कॅलिपरमधील पिस्टन मागे सारण्याचे हत्यार. पॅड झिजतो तसा पिस्टन पुढे येतो. जाड नव्या पॅडला जागा करण्यासाठी तो आत ढकलावा लागतो. हत्यारात दोन सपाट पट्ट्या व आट्यांचा दांडा असतो. दांडा फिरवला की पट्ट्या फाकतात. मोटारीचे हत्यार दुचाकीच्या अरुंद फटीत सहसा शिरत नाही, म्हणून घेताना मिटलेल्या पट्ट्यांची जाडी पाहावी. समोरासमोर पिस्टन असलेल्या कॅलिपरमध्ये एक दाबला की दुसरा बाहेर येतो. तिथे हे हत्यार हवेच. एकाच पिस्टनच्या सरकत्या कॅलिपरला बहुधा अंगठ्याचा जोर पुरतो.

पिस्टनचा उघडा भाग आधी साबणाच्या पाण्याने, जुन्या टूथब्रशने घासावा. चिखलासकट आत गेल्यास रबरी सील खराब होते. मग जुने पॅड परत ठेवून दांडा सावकाश फिरवावा. ब्रेक ऑइल टाकीत वर चढते; डॉट 3 किंवा डॉट 4 ऑइल सांडल्यास गाडीचा रंग उखडतो. स्क्रू ड्रायव्हरने उचकटणे टाळावे, पिस्टनला ओरखडा पडून गळती लागते. शेवटी ब्रेक लिव्हर कडक लागेपर्यंत दाबावा. त्याआधी गाडी चालवू नये.