बॉल पायथनच्या रंगछटांचे आनुवंशिक गणित

पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बॉल पायथन हा लहान आकाराचा अजगर पाळीव सर्पांच्या जागतिक बाजारात मुख्यतः रंगछटांमुळे ओळखला जातो. यातील अनेक छटा एकाच जनुकातील बदलाने उद्भवतात. त्यामुळे पिल्लांच्या रंगाचा अंदाज मेंडेलच्या नियमांनुसार बांधता येतो.

अल्बिनो छटा अप्रभावी असते. ती दिसण्यासाठी बदललेले जनुक नर व मादी या दोघांकडूनही यावे लागते. दिसायला सामान्य अशा दोन वाहकांच्या प्रत्येक पिल्लात अल्बिनो होण्याची शक्यता २५ टक्के असते. सामान्य दिसणारे पिल्लू वाहक असण्याची शक्यता दोनतृतीयांश. बाजारात ते ‘६६ टक्के हेट’ म्हणून विकले जाते. खरेदीदारांची गफलत येथेच होते. पिल्लू एकतर वाहक असते अथवा नसते. अंशतः वाहक असे काही नसते. शिवाय सहा अंड्यांतून एकही अल्बिनो न निघण्याची शक्यता सुमारे १८ टक्के, म्हणजे दुर्लक्षिण्याजोगी नव्हे.

‘पेस्टल’साठी एक प्रत पुरते, दोन आल्यास ‘सुपर पेस्टल’ ही अधिक उजळ छटा मिळते. ‘स्पायडर’च्या मोहक नक्षीसोबत मात्र डोके डगमगण्याचा, तोल जाण्याचा चेताविकारही वारशाने येतो. निवडक प्रजननाने तो वेगळा काढता आलेला नाही.

भारतात २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अशा विदेशी अजगरांच्या ताब्याची आणि पिल्लांच्या जन्माची माहिती शासनाला देणे बंधनकारक आहे. भारतीय अजगर पाळणे हा गुन्हाच आहे.