पेटिकाशीर्षक अक्षर व अजिंठ्याचा लेख

छापखान्यांत मथळ्यासाठीं निराळे खिळे लागतात. अक्षर दुरून दिसावें म्हणून तें ठळक, थोड्या जागेंत मोठें बसावें म्हणून अंगानें अरुंद, आणि रोमन लिपींत रेघांच्या टोंकांस आडव्या कडा. युरोपांत अशा खिळ्यांचा प्रसार १९ व्या शतकांत झाला. परंतु अक्षर आखडून त्याच्या टोंकास शोभा देण्याची ही रीत छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यांतील अजिंठ्याच्या पाषाणावर ५ व्या शतकांतच दिसते.

१६ व्या लेण्याच्या ओसरीबाहेर डाव्या भिंतीवर वाकाटक हरिषेणाचा सचिव वराहदेव याचा लेख आहे. जंजाळ्याजवळील घटोत्कच लेण्यांतील लेखही त्याचाच. या लिपीस पेटिकाशीर्षक म्हणतात, कारण प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर लहानशी चौकट असते. ब्यूलर यांनीं आपल्या १८९६ च्या लिपिविषयक ग्रंथांत या लिपीचीं दोन लक्षणें सांगितलीं आहेत: अक्षरांची रुंदी कमी करणें व वळणांचे कोन करणें. भरीव पेटी शाईनें लिहिणारांची, तर पोकळ पेटी ताडपत्र फाटेल या भयानें लेखणी जपून चालविणारांची, असा त्यांचा तर्क आहे.

आतां संग्राहकांच्या उपयोगाचा मुद्दा. पेटी दिसली कीं लेखाचा काळ ठरला, असें मानणें धोक्याचें आहे. प्रभावतिगुप्ता हिच्या पुणें ताम्रपटाचीं अक्षरें खिळ्यासारख्या माथ्याचीं, उत्तरेकडील वळणाचीं आहेत. तिचा पुत्र दुसरा प्रवरसेन याच्या चम्मक ताम्रपटाचीं मात्र पेटिकाशीर्षक. घराणें एक, काळ जवळजवळ एक, तरी वेष दोन. माथा हा लेखकाच्या शिक्षणाचा व आवडीचा दर्शक होय. तो एकटा काळाचा साक्षी होऊं शकत नाहीं.

माथ्याखालच्या अंगाकडे लक्ष दिल्यानें काय लाभतें, तें अजिंठ्याच्या याच लेखानें दाखविलें. झिजलेल्या जागीं प्रवरसेनाच्या पुत्राचें नांव पूर्वीं रुद्रसेन असें वाचलें गेलें होतें. १९३९ सालीं वाशीमचा ताम्रपट उजेडांत आला. त्यांत सर्वसेनाचें नांव निघालें. त्याच्या आधारें वा. वि. मिराशी यांनीं भिंतीवरील अक्षरें पुन्हां तपासून तेथेंही सर्वसेन हेंच नांव असल्याचें १९४१ सालीं प्रसिद्ध केलें. वाकाटकांची वत्सगुल्म शाखा त्यामुळें स्वतंत्र ठरली. चौकट सर्व अक्षरांस सारखीच. नांव ठरतें तें खालच्या रेषांनीं.

म्हणून आमची विनंति इतकीच कीं, ज्यांच्या संग्रहीं ताम्रपट असतील त्यांनीं ठसा घेतांना माथ्याच्या शोभेवर न भुलतां अक्षराचें सर्व अंग उमटेल असें पहावें. घासून उजळ केलेल्या पत्र्यावर पेटी एकवेळ टिकते, पण बारीक रेघ जाते. आणि तिच्याबरोबर एखादा राजाही जाऊं शकतो.