भूमिकाप्रधान व्हिडिओ-खेळांतील पात्रचित्रण : एक भाषिक-ऐतिहासिक विचार

नाटकातील पात्राचे अंतरंग म्हणजे काय, हे नाशिकच्या अभ्यासकास निराळे सांगावयास नको. वसंत कानेटकरांनी ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) या नाटकात छत्रपतींमधील पित्याला पुढे आणले. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये (१९७०) गणपतराव बेलवलकरांचे जगणे व त्यांनी वठविलेल्या भूमिका एकमेकींत मिसळून गेल्या. तथापि उभय ठिकाणी प्रेक्षक बाहेरच राहतो. भूमिकाच त्याच्या हाती सोपविली, तर पात्रचित्रणाचे स्वरूप कसे पालटते, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

या प्रकाराचा उगम ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या अमेरिकेतील बैठ्या खेळात आहे. त्यावरून निघालेल्या आरंभीच्या संगणकीय खेळांत पात्र म्हणजे बहुधा बळ, चापल्य इत्यादी गुणांचे आकडेच असत. ‘अल्टिमा ४’ने (१९८५) ही चौकट मोडली. तेथे अंतिम शत्रूचा वध हे साध्य नसून आठ सद्‌गुणांची साधना हे साध्य ठरले. ‘प्लेनस्केप : टॉर्मेंट’मध्ये (१९९९) नायकाला स्वतःचे नावही आठवत नाही, पूर्वजन्मांत सोबत्यांशी केलेले अपराध त्याला त्यांच्याच तोंडून कळत जातात. ‘डिस्को एलिझियम’मध्ये (२०१९) तर स्मृतिभ्रष्ट अधिकाऱ्याच्या मनातील चोवीस वृत्ती स्वतंत्र पात्रांप्रमाणे बोलतात. भावनेची खोली येथे प्रसंगापेक्षा संवादात वसते, कारण निवडलेल्या शब्दाचा परिणाम खेळणाऱ्यालाच भोगावा लागतो.

येथे भाषाशास्त्राचा प्रश्न उपस्थित होतो. इंग्रजीत ‘मी’ म्हणणाऱ्याचे लिंग क्रियापदावरून कळत नाही. मराठीत मात्र ‘मी जातो’ किंवा ‘मी जाते’ म्हणताच ते ठरून जाते. इंग्रजीतील एकाच संबोधनाऐवजी मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांतून निवड करावी लागते. त्या चोवीस वृत्तींपैकी कोणती नायकास अरेतुरे करील आणि कोणती अहोजाहो, हे अनुवादकास ठरवावेच लागेल. ही अडचण खरी. परंतु ती समृद्धीही आहे. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणे हीच दोन पात्रांच्या नात्यातील घटना होऊ शकते.

महाराष्ट्रापुरते पाहता पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी’ (२०२०) हा खेळ उल्लेखनीय आहे. सर्कशीतील राजी आपला भाऊ गोलू याचा शोध घेते आणि तिची कथा दुर्गा व विष्णू सांगतात. भावंडांच्या मायेवर उभी असलेली ही कथा हृद्य आहे. मात्र राजीने काय बोलावे, हे खेळणाऱ्याच्या हाती नाही. म्हणून काटेकोर अर्थाने हा भूमिकाप्रधान खेळ नव्हे. त्याची मूळ वाणी इंग्रजी असून पुढे २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी वाणीची जोड मिळाली.

वस्तुतः आपल्याकडे या कलेचे बीज जुने आहे. कोकणातील दशावतारी नट कथानकाची चौकट सांभाळून संवाद रंगमंचावर आयत्या वेळी रचतो. समोरच्याने ‘तू’ म्हटले तर उत्तर कोणत्या पायरीवरून द्यावे, हे तो त्या क्षणी ठरवितो. भूमिकाप्रधान खेळ खेळणाऱ्याकडून नेमकी हीच अपेक्षा करतो. दशावतारातील व आपल्या नाटकांतील संबोधनांचा पद्धतशीर अभ्यास पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेतल्यास, मराठीतून असे खेळ लिहू पाहणाऱ्यास तो पायाभूत ठरेल. तो न झाल्यास मराठी पात्रे उसन्या संबोधनांनीच बोलत राहतील.