हस्तलिखित नेमके कोणाचे?

शाळेचे हस्तलिखित म्हटले की डोळ्यांसमोर काय येते? जाड पुठ्ठ्याचे मुखपृष्ठ, त्यावर उगवता सूर्य, आत सुंदर अक्षर असलेल्या तीन-चार मुलींनी उतरवून काढलेले सुविचार, विनोद आणि थोरांची चरित्रे. स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन होते आणि अंक मुख्याध्यापकांच्या कपाटात जातो. ज्यांनी तो तयार केला त्यांनाही तो पुन्हा दिसत नाही.

२०१९ च्या जूनमध्ये औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) मुकुंदवाडी भागात नववीच्या मुलांबरोबर एक अंक काढण्याची संधी मला मिळाली. विषय मुलांनीच निवडायचे होते. एका मुलीने लिहिले, ‘आमच्या गल्लीत पाणी कधीच येत नाही.’ संपादक मंडळातल्या एका मुलाने विचारले, ‘कधीच म्हणजे किती दिवसांनी?’ ती गप्प झाली. पुढे महिनाभर तिने नळाला पाणी आलेल्या दिवशी कॅलेंडरवर खुणा केल्या, शेजारच्या घरांतही विचारले. लेखातला ‘कधीच’ गेला आणि तिथे तारखांचा तक्ता आला. शोधनिबंध छापण्यापूर्वी आम्हा संशोधकांना परीक्षकांच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागते. येथे तेच घडले होते, तेही कोणी न शिकवता.

अंक तयार झाल्यावर मात्र एका शिक्षकांनी मला बाजूला घेतले. ‘सर, हा लेख घ्यायलाच हवा का? उगाच कोणी काही म्हणेल.’ त्यांची काळजी खोटी नव्हती. मुलांना लिहायला लावायचे, पण खरे लिहिले की थांबवायचे, हा पेच जुना आहे. त्याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

१८५५ साली पुण्यात जोतीराव फुल्यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मुलगी शिकत होती. वय सुमारे चौदा, जात मांग, शिक्षण जेमतेम तीन वर्षांचे. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील, तर आमचा धर्मग्रंथ कोणता, असा तर्क तिने मांडला. आपल्या लोकांवर झालेले अत्याचार तिने नुसते ‘वाईट’ म्हणून सोडले नाहीत, तर प्रसंग देऊन सांगितले. शेवटी आपल्या लोकांना शिकण्याचे आवाहन केले. अमेरिकन मिशनऱ्यांनी १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू केलेल्या ‘ज्ञानोदय’ने तो निबंध १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत छापला. दलित स्त्रीच्या अगदी सुरुवातीच्या प्रकाशित लेखनात त्याची आज गणना होते. तिच्या शिक्षकांनी तिला सुविचार उतरवून काढायला सांगितले असते, तर आपल्याला तिचे नावही कळले नसते.

पुढची गोष्ट अमळनेरची. १९२४ साली साने गुरुजी तेथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढीत. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले. मुलांना पाठ्यपुस्तकाबाहेर, रोज वाचावेसे वाटेल असे काही हवे, हे त्यांनी ओळखले होते. मात्र दैनिकामागचा हात शिक्षकाचा होता.

तो हात मुलांचा करण्याचा प्रयोग त्याच सुमारास दक्षिण फ्रान्समधल्या बार-सुर-लू या डोंगरी गावात चालू होता. सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाच्या फुप्फुसाला पहिल्या महायुद्धात इजा झाली होती. वर्गात फार वेळ बोलणे त्यांना झेपत नसे. त्यांनी एक लहानसा हातछापखाना आणला. मुले आपले अनुभव लिहीत, कोणता मजकूर छापायचा हे वर्ग ठरवी, सर्वजण मिळून तो दुरुस्त करीत आणि मुलेच खिळे जुळवीत. एकेक अक्षर उलटे लावायचे म्हटल्यावर शब्द नीट पाहावाच लागतो, त्यामुळे शुद्धलेखन वेगळे शिकवण्याची गरज कमी झाली. पुढे हे छापील कागद ब्रिटनीतल्या समुद्रकाठच्या त्रेगंक येथील शाळेत जाऊ लागले. वाचणाऱ्याने आपला डोंगर पाहिलेलाच नाही, म्हणजे तो नेमका कसा आहे ते सांगणे आले. निरीक्षणाची सवय लागली ती या वाचकामुळे.

फ्रेने यांना किंमतही मोजावी लागली. १९३२-३३ मध्ये सां-पॉल-द-व्हांस या गावी मुलांनी छापलेल्या मजकुरावरूनच विरोधकांनी गदारोळ केला आणि त्यांना ती शाळा सोडावी लागली. वॉर्सात यानुश कोरचाक यांनी ९ ऑक्टोबर १९२६ रोजी एका दैनिकाची पुरवणी म्हणून मुलांनी लिहिलेले साप्ताहिक सुरू केले. ते १ सप्टेंबर १९३९ पर्यंत, म्हणजे महायुद्ध सुरू झाले त्या दिवसापर्यंत निघत होते.

या सर्वांत समान धागा वाचकाचा आहे. एकच प्रत असलेल्या हस्तलिखिताला वाचक मिळत नाही. आपल्याकडे ही अडचण पूर्वी सायक्लोस्टाईलने सोडवली. मेणाच्या थराच्या कागदावर टोकदार लेखणीने लिहिले की तिथले मेण निघते आणि तेवढ्याच रेषांतून शाई खालच्या कागदावर उतरते. आज कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात तेच काम मिनिटात होते.

मुकुंदवाडीचा तो लेख शेवटी अंकात घेतला. ‘कोणी काही म्हटले तर?’ या प्रश्नाला त्या मुलीचे उत्तर साधे होते : ‘तक्ता चुकीचा असेल तर त्यांनी दाखवावा.’ प्रती घरोघर गेल्या. गदारोळ झाला नाही आणि पाणीही लवकर येऊ लागले नाही. पण पलीकडच्या गल्लीतली दोन मुले आपापली कॅलेंडरे घेऊन आली आणि दुसऱ्या अंकाचा पहिला लेख ठरला.

आपल्या शाळेत अंक काढायचा असेल तर सुरुवात एका दुमडलेल्या कागदापासून करता येईल. संपादक मुलेच असू द्या. आपण शिक्षकांनी एकच प्रश्न विचारत राहावे : ‘हे तुला कसे कळले?’ उत्तर मिळाले, तर लेख थांबवू नये.