तांबेऱ्याला न बधलेला खपली

नागपूर मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी असताना, १९४६-४७च्या हंगामात मध्य भारतातील उभ्या गव्हावर काळा तांबेरा पडला. बुरशीने पाने व खोडे ग्रासली, दाणे सुरकुतले, पीक बुडाले.

या रोगाला दाद न देणारा गहू दख्खनमध्ये आधीपासून होता : खपली. अमेरिकेतील स्टॅकमन व लेव्हिन यांनी १९२२ मध्ये तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी १२ कसोटीचे गहू ठरवले. त्यांच्या रोपांवर बीजाणू सोडून कोणते टिकते, हे पाहिले जाई. खपली त्यांतील एक होता आणि तो बहुतेक प्रकारांपुढे टिके.

मग हा गुण शेतात का उतरला नाही? खपलीत २८ गुणसूत्रे, पोळीच्या गव्हात ४२, संकर अवघड. शिवाय खपलीचे टरफल मळणीत सुटत नाही. तरीही खपलीतील एसआर-१३ हे जनुक पुढे युगांडातून पसरलेल्या ‘युजी-९९’ तांबेऱ्यालाही अडवणारे ठरले.